अंगी न लागणारी गोळी

ओस्लो, ९ ऑक्टोबर १९९४

साबिरा बाजी,

सलाम. तुझा पंजिरीचा डबा पोचला. हाजीसाहेबांच्या सुनेनं विमानातून मांडीवर ठेवून आणला म्हणे, आणि वर ऐकवलं की तुपाचा वास तिच्या कोटाला अजून येतोय. झाकण उघडलं आणि रडू आलं. भाजलेला रवा, बदाम, डिंक, सगळं आपल्या घरचं वाटलं. रोज सकाळी वाटीभर खाते. तू सांगितलंस तशी.

पण बाजी, दुखणं हटत नाही. मांड्या, कंबर, बरगड्या. कुणी दाबलं की हाडच दुखतं, मांस नाही. नमाजला सजद्यात जाते, पण उठताना हात टेकून, मग गुडघ्यावर हात चढवत चढवत उभी राहते. आता खुर्चीवर बसूनच पढते. वय माझं सव्वीस! शेजारची सत्तरीची गोरी म्हातारी जिन्यात मला मागे टाकते आणि वर हसून रस्ता देते.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अर्सलान सात महिन्यांचा झाला, माशाल्ला, विटेसारखा जड. त्याला घेऊन उतरायची मला भीती वाटते. म्हणून उतरतच नाही. इफ्तिखार दिवसभर पाव कारखान्यात. फुफी म्हणते, "खाऊन खाऊन सुटलीस, आता हलायला नको. कामचोर!" सासू झाल्यापासून फुफीच्या जिभेला हाड राहिलेलं नाही. अब्बांची सख्खी बहीण, लहानपणी हिनेच मला खांद्यावर घेऊन मेळा दाखवला होता.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. म्हणाला, इथे ऊन नाही, उन्हातून मिळणारं जीवनसत्त्व तुमच्या लोकांत कमी पडतं, रोज एक घ्या. फरहतलाही त्याच दिल्या. तुला नणंदबाई आठवते ना, वाळकी काडी? तिचेही पाय दुखायचे. दोन महिन्यांत ती टणाटण उड्या मारायला लागली. मी मात्र होते तिथेच. एकच बाटली, एकच गोळी. तिच्या अंगी लागते आणि माझ्या लागत नाही. मग फुफीला बोलायला कारणच मिळालं. "दुखणं खरं असतं तर गोळीनं गेलं नसतं का?"

खरं सांगू? कधी कधी मलाच वाटतं, मी ढोंग करतेय की काय.

तुझी,
तसनीम

*

खारियां, २ नोव्हेंबर

तसनीम बेटी,

ढोंग करणारीचं तोंड मला माहीत नाही होय? तुला मी वाढवलंय. शाळा चुकवायला पोटात दुखायचं तेव्हा तू डावा डोळा मिटायचीस. पत्रात तुझा डोळा दिसत नाही, पण मला कळतं.

आता नीट ऐक. बाळंतपणानंतर हाडांत वारा शिरतो. तुझ्या चाळीस दिवसांत तुला शेकायला, चोळायला कोण होतं? कुणी नाही. त्याचं हे सगळं. गोळ्याबिळ्यांनी गोऱ्यांची हाडं बरी होत असतील, आपली तुपावर पोसलेली आहेत. या वेळी पंजिरीत तूप दुप्पट घातलंय, डिंकही जास्त. वाटीभर नाही, दोन वाट्या खा. सकाळी एक आणि दुपारी असरच्या नमाजनंतर एक. आणि थंडीत बाहेर पडायचं नाही. मुलगा झालाय, अंग धरलंयस, लोकांच्या नजरा चांगल्या नसतात.

मी इथून उंटावरून शेळ्या हाकतेय, मला ठाऊक आहे. पण दुसरं काय करू? करामत म्हणाले, "तुझी बहीण आहे, की तूप भरायची कोठी?" मी म्हटलं, तुम्ही तुमच्या शिवणयंत्रात डोकं घाला.

फुफीचं मनावर घेऊ नकोस. ती उचलते जीभ आणि लावते टाळ्याला, पण तिचा जीव त्या पोरात आहे. अर्सलानचा नवा फोटो पाठव. आधीचा मी आरशाला लावलाय. वेणी घालायला बसते आणि त्यालाच बघत बसते, वेणी राहते तशीच.

तुझी,
साबिरा बाजी

*

ओस्लो, २१ नोव्हेंबर

साबिरा,

मी सांगतेय आणि फरहत लिहितेय, कारण माझा चष्मा फुटलाय.

काल तुझ्या बहिणीनं माझं काळीज हातात आणून दिलं. पोराला घेऊन जिना उतरत होती, मध्येच गुडघे वळले आणि बसलीच. पोर हातातून सुटलं. खालून शेजारी वर येत होता, त्यानं झेललं. झेललं नसतं तर? मी वरच्या पायरीवर उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर सुटलं, साबिरा.

मी ठरवलंय. ईद झाली की मी खारियांला येतेय, अर्सलानला घेऊन. सहा महिने तुझ्याकडे राहू दे. ही तोवर हातपाय हलवायला शिकेल. नाही शिकली तर पुढचं पुढे बघू. तुझी कूस अल्लानं रिकामी ठेवली आणि हिला दिलं तर हिला ते धरता येत नाही. इफ्तिखारला मी समजावलंय, तो माझ्या शब्दाबाहेर नाही. अट एकच, तू हो म्हण. परक्या बाईच्या हाती मी माझा नातू देणार नाही. तुझ्या हाती देईन.

तसनीमला तिकीट येईपर्यंत सांगू नकोस. रडून घर डोक्यावर घेईल.

तुझी फुफी

साबिरा बाजी, हे खालचं मी माझ्या मनानं लिहितेय, अम्मीला वाचता येत नाही. भाभी ढोंग करत नाही. ती कपडे वाळत घालते तेव्हा हात वर जात नाहीत म्हणून दोरी खाली बांधून घेतलीय. ढोंग करणारी माणसं अशी दोरी खाली बांधत नाहीत. तुम्ही विचार करून उत्तर द्या. – फरहत

*

खारियां, १७ डिसेंबर

तसनीम बेटी,

बरेच दिवस लिहिलं नाही. इथे लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मीही काजं करायला बसते.

तुझं पडणं कळलं. फुफीनं कळवलं. देवडीत उभी राहून मी पत्र वाचलं आणि तिथेच खाली बसले. पोराला लागलं नाही ना? तुला लागलं का, ते फुफीनं लिहिलंच नाही. आराम कर. आता जिन्याकडे फिरकूसुद्धा नकोस, उचलाउचल बंद.

पंजिरी संपली असेल. दुसरा डबा भरतेय.

एक काम कर. अर्सलानची मापं पाठव. खांदा, बाही, उंची, सगळी. करामत म्हणतायत, साडूच्या मुलाला एक कुर्ता शिवावा. आणि तो झोपताना कुशीवर झोपतो की उताणा? दूध कोमट पितो की गार? सहज विचारलं.

तुझी,
साबिरा बाजी

*

ओस्लो, १२ जानेवारी १९९५

बाजी,

मापं खाली लिहिलीत. घेताना इतका हसत होता, फीत तोंडातच घालत होता. कुशीवर झोपतो. दूध कोमट. मी आनंदानं सगळं लिहून ठेवलं होतं, पाकीटही चिकटवलं होतं.

मग ते फाडलं आणि हे पुन्हा लिहितेय.

परवा फुफी अर्सलानला नवा स्वेटर घालून बाहेर घेऊन गेली. मला वाटलं, फिरवायला. आज त्याचा पासपोर्टचा फोटो फ्रीजवर सापडला. मी विचारलं, हा कशाला? इफ्तिखार पाणी प्यायला उठला आणि परत आलाच नाही. फुफीनं सांगितलं, सरळ, भाजीला काय आणू असं सांगावं तसं. "ईदनंतर मी त्याला साबिराकडे ठेवून येतेय."

बाजी, तुला माहीत होतं?

मी भांडले. मी म्हटलं, माझं मूल आहे. ती म्हणाली, "तुझं आहे तर उचल." मग तिनंच तोड काढली. ईदपर्यंत एकदा तरी, तिच्यासमोर, मी अर्सलानला कडेवर घेऊन एकटीनं खालच्या अंगणापर्यंत उतरायचं. कठड्याला हात न लावता. उतरले तर ती तिकीट फाडेल. बोलली की करते, तुला माहीत आहे.

मघाशी दार लावून उशी कडेवर घेतली आणि उंबऱ्याबाहेर दोन पायऱ्या उतरून बघितलं. उशी पडली. उशी होती म्हणून बरं.

एक झालंय. आरोग्यकेंद्रात नवी डॉक्टरीण आलीय. आपल्याकडच्या, सोमाली, तुर्की, सगळ्या बायकांची तपासणी करतेय. फरहत मला ओढून घेऊन गेली, इफ्तिखारनं मला धरून उतरवलं. तिनं वजन केलं, कंबर मोजली, दंडाची चरबी चिमट्यात धरून मोजली. मी शरमेनं मेले. मग तिनं रक्त घेतलं. चालून दाखव म्हणाली. मी चालले. ती हसली नाही, बाजी. वर्षभरात पहिल्यांदा कुणी मला चालताना बघून हसलं नाही.

आधी उत्तर दे. तुला माहीत होतं का?

तसनीम

*

खारियां, २८ जानेवारी

तसनीम,

इतका आरडाओरडा कशाला? कुणी परका तर नेत नाहीये. मी तुझी कोण? अम्मी गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी पंधराची. तू माझ्या पोटची होतीस का? तरी वाढवलंच ना. कधी उपाशी ठेवलं? कधी हातातून पाडलं?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते, पण राहू दे. खरं आहे ते.

सहा महिने म्हणजे काय, डोळे मिटून उघडले की संपले. तू तिथे मोकळी होशील, झोपशील, बरी होशील. इथे अंगणभर ऊन आहे, दारात म्हैस आहे. पोर धुळीत लोळून टणक होईल. तिथे चौथ्या मजल्यावर त्याला काय दिसतं? तुझं रडणं. मी पुढची खोली निळ्या रंगानं रंगवून घेतलीय. करामत म्हणाले, "घाई करतेस." त्यांना काय कळतं!

फुफीची अट मनातून काढून टाक. पुन्हा पडशील आणि या वेळी खाली शेजारी नसेल.

शेखसाहेबांच्या जावयाबरोबर पंजिरी पाठवतेय. खा.

साबिरा

*

ओस्लो, १२ फेब्रुवारी, रमजान

बाजी,

तू उत्तर दिलं नाहीस म्हणजेच दिलंस.

आता माझं ऐक, आणि मधे बोलू नकोस. बोलायची सवय आहे तुला.

डॉक्टरणीनं बोलावलं. मी फुफीला मुद्दाम बरोबर नेलं, दुभाषी फरहत. डॉक्टरीण म्हणाली, हिच्या रक्तात ते जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. हाडं मऊ पडलीत, मांडीच्या स्नायूंतला जोर गेलाय, म्हणून उठता येत नाही. फुफी म्हणाली, "गोळी तर वर्षभर खातेय. माझ्या मुलीला हीच गोळी लागली." तेव्हा ती म्हणाली, ते जीवनसत्त्व चरबीत मुरतं. अंगात चरबी जास्त असली की तिथेच दडी मारून बसतं, रक्तात पुरेसं उतरत नाही. तुमची मुलगी काडीसारखी, तिला एक पुरली. हिचं वजन तिच्या जवळजवळ दुप्पट, हिला दोन-तीन पट लागणार. दोघींना एकच गोळी दिली ही आमची चूक, हिची नाही. त्यात इथला अंधारा हिवाळा, आपली सावळी कातडी, अंगभर कपडे. हिनं आळस केलेला नाही.

फरहतनं हे शेवटचं वाक्य पंजाबीत दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. फुफीनं माझी पिशवी उचलली आणि घरापर्यंत स्वतः आणली.

तू म्हणशील, मग झालं ना? नाही झालं. नवीन औषध आठवड्याला मोठा डोस असं सुरू झालंय, पण जोर यायला दोन-तीन महिने लागतील आणि हाडं भरायला त्याहून जास्त. ईद दोन आठवड्यांवर आलीय. मी फुफीला म्हटलं, तीन महिने थांब. ती म्हणते, "डॉक्टरीण काय, आधीचाही डॉक्टरच होता. त्या तीन महिन्यांत हातातून सुटलं तर? तिकीट काढलंय. साबिरा वाट बघतेय." तिला खरंच भीती वाटते, बाजी. तेच वाईट आहे. दुष्टपणा असता तर मी भांडून जिंकले असते.

अर्सलानलाही तपासलं. माझ्याच दुधावर आहे ना, त्याचंही कमी आहे. त्याला रोज थेंब द्यायचे आणि महिन्याभरानं पुन्हा रक्त बघायचं. तुझ्या अंगणातलं ऊन मला माहीत आहे. पण तू त्याला नजर लागेल म्हणून काळा दोरा बांधून, दुपट्यात गुंडाळून आत ठेवशील, हेही मला माहीत आहे. मला तसंच ठेवलं होतंस.

आणि तुझी पंजिरी. डॉक्टरणीनं विचारलं, काय खाता? मी सांगितलं. ती म्हणाली, बाळंतपणात ठीक, पण अजून रोज दोन वाट्या? मी तुझा नवा डबा उघडला नाही. फरहतला देऊन टाकला, तिच्या कारखान्यातल्या पोरींना वाट म्हटलं. तुझं प्रेम होतं त्यात, मी नाही म्हणत नाही. पण त्या प्रेमानं मी जिन्यात बसले.

फुफी तुझ्या होकारावर येतेय. तिनं स्वतः सांगितलं, साबिरानं नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडे ठेवणार नाही. म्हणजे आता ना जिन्यावर आहे, ना डॉक्टरणीवर. तुझ्यावर आहे.

तू मला आई म्हणून वाढवलंस. मग आईसारखं वाग. माझी आई हो, त्याची नको.

तसनीम

*

खारियां, २४ फेब्रुवारी

फुफीजान,

करामत म्हणाले, फोन कर. पण फोनवर मी रडेन आणि तुम्ही जिंकाल. म्हणून लिहितेय. शेखसाहेबांचा जावई उद्या परत निघतोय, त्याच्या हाती देतेय, ईदच्या आत मिळेल.

अर्सलानला आणू नका.

तुम्ही विचाराल, एकदम काय शिरलं डोक्यात? काही शिरलं नाही, उतरलं. नोव्हेंबरमध्ये तुमचं पत्र आलं तेव्हा खाली फरहतनं दोन ओळी लिहिल्या होत्या की भाभी ढोंग करत नाही. पोरीवर चिडू नका. मी त्या ओळी वाचल्या, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी निळा रंग आणायला माणूस पाठवला. माझी बहीण खरंच आजारी आहे हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी वर तूप पाठवत राहिले.

पाच माणसांच्या हंडीत एका माणसाचं मीठ टाकलं तर हंडीला आळशी म्हणतात का, फुफी? तिला पुरेसं औषध तरी मिळू द्या. तिला पोर उचलता येईपर्यंत तुम्ही उचला. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, मला ठाऊक आहे, मेळ्यात तसनीमला खांद्यावर घेऊन तुम्ही आमच्या पुढे चालायच्या.

तरीही त्याला घेऊन आलात, तर विमानतळावर माझ्याकडून कुणी येणार नाही आणि माझं दार उघडणार नाही. हे लिहिताना काय होतंय ते अल्लाला माहीत. तुम्ही एकट्या आलात तर डोळ्यांच्या पायघड्या घालीन.

तुमची,
साबिरा

*

ओस्लो, २८ मे

बाजी,

फुफी परत आली. तिकडे दोन महिने तुझ्याकडे राहून तिनं तुझं डोकं खाल्लं असेल. इथे येऊन म्हणते, "साबिराच्या हातचं मोहरीच्या पाल्याचं साग खाल्लं, पण ती पोरगी हट्टी." म्हणजे तुझं तिच्या मनात वजन वाढलंय.

ती निघाली त्या दिवशी तिनं अर्सलानला माझ्या मांडीवर ठेवलं, मी खुर्चीत बसले होते. म्हणाली, "उभी राहू नकोस घेऊन. मी येईपर्यंत उभी राहू नकोस, माझी शपथ." आणि वळून न बघता गेली. तुझं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. मी ते वाचलेलं नाही, फरहतनं तिला वाचून दाखवलं आणि मग फरहतच आतल्या खोलीत जाऊन रडली, एवढंच मला माहीत.

एप्रिलमध्ये एक दिवस सजद्यातून उठले आणि उठल्यावर लक्षात आलं की हात टेकलाच नाही. पुन्हा करून बघितलं. नमाज सोडून उठबस करत राहिले, अल्ला माफ करो. कपड्यांची दोरीही वर बांधून घेतली.

या महिन्यात सतरा तारखेला इथल्या पोरांची मिरवणूक असते, झेंडे, बाजा. खालून आवाज येत होता. अर्सलान खिडकीशी नाचायला लागला. इफ्तिखार म्हणाला, "आण, मी घेतो." मी म्हटलं, तू पुढे चाल. मी त्याला कडेवर घेतलं आणि उतरले, बाजी. कठड्याला हात लावला, खोटं सांगणार नाही. मध्ये दोनदा थांबले. इफ्तिखार माझ्यापुढे उलटा, पाठीनं उतरत होता, दोन्ही हात पसरून, एखादी म्हैस अडवावी तसा. खाली पोचल्यावर मी बाकावर बसले आणि बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. ऊन होतं. अर्सलानला गवतावर सोडलं. वजन माझं अजून जवळजवळ तेवढंच आहे, थोडं उतरलंय. औषध मात्र आता अंगी लागतंय.

आता तुझं पार्सल.

फुफीनं दिलं, म्हणाली, "साबिरानं कपडे दिलेत पोराला." मी उघडलं. वर एक कुर्ता, बरोबर मापाचा, मी जानेवारीत पाठवलेल्या मापाचा. त्याखाली जरा मोठा. त्याखाली अजून मोठा. मी काढत गेले. शेवटचा हातात आला तो पाच वर्षांच्या मुलाचा, खिशावर शाळेचं नाव भरायला जागा सोडलेली.

सहा महिने, बाजी?

मी ते सगळं परत कोंबलं आणि पलंगाखाली ढकललं. दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. तू त्याला कधीच परत पाठवणार नव्हतीस. तू लिहिलं एक आणि शिवत बसली होतीस दुसरं. मला इतका राग आला की तुझ्या फोटोशी भांडले.

तिसऱ्या दिवशी पार्सल पुन्हा ओढलं. मोठ्या कुर्त्याची काजं बघितली. ती करामतभाईंची नाहीत. त्यांची काजं सरळ असतात. ही तुझी आहेत, थोडी तिरकी, माझ्या शाळेच्या गणवेशाला होती तशी. तू हे सगळं शिवलंस, आणि मग नाही म्हणालीस. मला तर फक्त जिना उतरायचा होता.

तेव्हा तो पाच वर्षांचा कुर्ता मी जपून ठेवलाय. तो पाचचा झाला की आम्ही येऊ. खारियांच्या तुमच्या गल्लीत मी त्याला कडेवर घेणार नाही. तो स्वतःच्या पायांनी चालत येईल, तो कुर्ता घालून, आणि तुझं दार वाजवेल. निळी खोली तशीच ठेव.

राग अजून गेलेला नाही. तरी तू ये म्हणाली असतीस तर आजच निघाले असते.

तुझी,
तसनीम